पन्ना : शितावरून न कळणारा भात

खजुराहोची देवळं पाहून झाली की बहुतेक मंडळी माघारी फिरतात. पण तिथून सुमारे ४५ किलोमीटरवर पन्ना आहे. केन नदी ओलांडून जंगलातून रस्ता जातो. सवड काढून तेवढं पुढं जावंच. आपल्याला हा मुलूख परका नाही. १७२९ साली छत्रसालांच्या मदतीला बाजीराव धावून गेले ते याच बुंदेलखंडात.

गावाबाहेर जागोजाग खड्डे दिसतात. सरकारच्या हिरा कार्यालयातून ८ मीटर लांब-रुंद जागेचा पट्टा मिळतो. ती खणायची, खालची खडी (तिला इथं ‘चाल’ म्हणतात) धुवायची, वाळवायची आणि पसरून हातानं निवडायची. अगदी आपण तांदूळ निवडतो तशी! हिरा सापडला तर कार्यालयात जमा करायचा. लिलाव होतो आणि सरकारचा हिस्सा कापून पैसे मिळतात. नाही सापडला, तर घातलेले कष्ट आणि पैसा मातीत.

मग आधी अंदाज घेता येत नाही का? शितावरून भाताची परीक्षा करणाऱ्या आपण हे विचारणारच. पण हिऱ्याचं तसं नाही बरं का! जवळच्या मझगवां खाणीत १०० टन दगडामागं साधारण १० कॅरट, म्हणजे अवघे २ ग्रॅम हिरे. तेव्हा घमेलंभर खडीत काही मिळालं नाही म्हणून जागा वाईट ठरत नाही, आणि एक खडा मिळाला म्हणून चांगलीही ठरत नाही.

म्हणून जाणकार आधी हिऱ्याच्या सोबत्यांना शोधतात : क्रोमाइट, लालजांभळं गार्नेट. ओढ्यांचा गाळ चाळून हे जड कण वेचायचे आणि प्रवाहाच्या उगमाकडं माग काढत जायचं. शेजारच्या छतरपूर जिल्ह्यातला ‘बंदर’ नावाचा साठा २००४ साली असाच हाती लागला. मूळ खडक सापडला की मग कितीतरी टन दगड फोडून पाहायचा, तेव्हा कुठं खाणीचा हिशेब बसतो. हिरा पाण्यानं नीट भिजत नाही, पण ग्रीसला चिकटतो. तीही युक्ती वापरतात.

एवढी परीक्षा खड्ड्यावरच्या कुटुंबाला कुठून परवडणार? शेजाऱ्याच्या खड्ड्यात काय निघालं, एवढाच त्यांचा आधार.

आणि हो, पन्नात कुणी पुडी उघडून स्वस्तात ‘खडा’ दाखवला तर घेऊ नका. इथला हिरा कार्यालयात जमा व्हावा लागतो. परस्पर विकणं गुन्हा आहे.