किकऑफ : बळाकडून मापाकडे

नियम कृतीला कसा घडवतो, हा साहित्याच्या अभ्यासकाला नेहमीच भुरळ घालणारा प्रश्न आहे. अमेरिकन फुटबॉलमधील किकऑफकडे आम्ही पाहू लागलो ते याच कुतूहलापोटी.

कृती सांगायला सोपी आहे. लंबगोल चेंडू 'टी' नावाच्या लहानशा टेकूवर उभा असतो. मारणारा काही पावले मागे आणि थोडा बाजूला सरकतो, तिरका धावत येतो, एक पाय चेंडूच्या शेजारी रोवतो आणि दुसऱ्याचा घोटा ताठ धरून पावलाच्या वरच्या, आतल्या बाजूच्या हाडाने चेंडूच्या मध्याखाली आघात करतो. बळ येते ते कमरेच्या वळण्यातून. नजर मात्र चेंडूवरून हलत नाही. ही तिरकी रीत मूळची सॉकरची. १९५६च्या उठावानंतर हंगेरी सोडून आलेल्या पीट गोगोलाक यांनी १९६४ मध्ये बफेलो बिल्सकडून ती व्यावसायिक खेळात आणली. तोवर सरळ धावत येऊन बुटाच्या टोकाने मारण्याची पद्धत होती.

पुढे या बळानेच किकऑफ निरर्थक केली. २०११ मध्ये एनएफएलने ती ३० ऐवजी ३५ यार्डांच्या रेषेवरून घेण्याचे ठरवले. हेतू चांगला होता : दोन्ही बाजूंचे खेळाडू पूर्ण वेगाने एकमेकांवर आदळत आणि डोक्याला गंभीर इजा होत, त्या धडका कमी व्हाव्यात. चेंडू थेट एंड झोनमध्ये जाऊ लागला. उत्तम किकची खूण काय, तर पुढे काहीच न घडणे! फेब्रुवारी २०२४च्या सुपर बोलमध्ये एकही किकऑफ परत धावत आणली गेली नाही.

आमची पंचाईत होते ती इथे. प्रेक्षक म्हणून आम्हांला ती धाव हवी असते. शोकांतिका वाचताना रक्त कागदावरच राहते. मैदानात मात्र आमच्या रसास्वादाची किंमत कुणाचा तरी मेंदू मोजत असतो.

२०२४च्या नियमाने यावर तोड काढली. मारणाऱ्याचे दहा साथीदार आता पलीकडे, प्रतिस्पर्ध्यांपासून जेमतेम पाच यार्डांवर उभे राहतात. चेंडू जमिनीला किंवा झेलणाऱ्याला लागेपर्यंत कुणी हलायचे नाही. चेंडू गोलरेषा आणि २० यार्डांची रेषा यांच्यामध्ये पडला पाहिजे. तोकडा पडला, तर प्रतिस्पर्ध्याला ४० यार्डांवरून सुरुवात मिळते. थेट एंड झोनमध्ये गेला, तर ३० वरून, आणि २०२५ पासून ३५ वरून.

म्हणजे आता नुसते बळ महागात पडते. मारणारा बळ राखून, ठेंगणा, हेलकावणारा, झेलायला अवघड चेंडू मारू पाहतो. वृत्ताच्या बंधनात कवीला शब्द तोलावा लागतो, तसा त्याला आघात तोलावा लागतो. वृत्त मात्र कुणाचा जीव वाचवण्यासाठी निर्माण झाले नव्हते. या खेळातले बंधन दुसऱ्याच्या देहाच्या काळजीतून आले, आणि त्यातूनच कौशल्याला नवी वाट सापडली. सौंदर्य आणि करुणा एकमेकींच्या आड येतातच, असे आपण इतक्या सहज का मानतो?