घराखालची जमीन : पेण-रोह्याहून आईला

पेण, सोमवार

ती. सौ. आईस,


दिव्याहून रोह्याच्या गाडीनं आले आणि पेणला उतरले. गणपती नुकतेच गेले, तरी हमरापूर-जोह्याकडच्या कारखान्यांत पुढच्या वर्षीच्या मूर्तींची कामं सुरू झालीत. खोली मिळाली. घरमालकीणबाई पापड करून विकतात आणि मला उपाशी झोपू देत नाहीत, तेव्हा ती काळजी सोड.

इतकी वर्षं नोकरी केल्यावर आता पुन्हा शिकायचं, ते किती दिवस, असं तू विचारलंस. पीएचडीला कमीत कमी तीन वर्षं लागतातच, जास्तीत जास्त सहा. बायकांना वर दोन वर्षांची सवलत मिळू शकते. देवनारला संस्थेत कोर्सवर्क झालं. आमची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ साली मुंबईत नागपाड्याच्या वस्तीत सुरू झाली. समाजकार्य शिकवणारी देशातली पहिली संस्था. वस्तीत जाऊन शिकायचं ही रीत तेव्हापासूनची. पण एमएसडब्ल्यूला असताना वाडीवर गेलं की रेशनकार्ड, जातीचा दाखला, दवाखाना असं काहीतरी काम असायचं. आता जायचं ते फक्त विचारायला आणि ऐकायला, आणि तेच जड जातंय.

विषय तुला माहीत आहेच : कातकरी आदिवासी कुटुंबं वीटभट्टीवर का जातात. बीडची पोरगी, ऊसतोडीच्या घरांत वाढलेली, तेव्हा अर्धं उत्तर हिच्याकडे आधीच तयार असणार, असं गाईड म्हणतात. त्यांना धास्ती वाटते ती त्याच अर्ध्या उत्तराची.

पेण, रविवार

ती. सौ. आईस,

काल डोंगरपट्ट्यातल्या एका कातकरवाडीवर गेले. उचलीचा हिशेब आपल्याकडचाच. मुकादमाच्या जागी भट्टीवाला. पावसाळ्यात काम नसतं, घरात दाणा नसतो, तेव्हा तो पैसे देतो. दिवाळी झाली की नवरा-बायकोची जोडी भट्टीवर. तिथे आठवड्याला खर्ची मिळते, विटांचा हिशेब हजारावर चालतो, आणि फिटलं की नाही ते पावसाच्या तोंडावर कळतं. वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानं बंद झाली, पण वहीतली उचल दर पावसाळ्यात नव्यानं मांडली जाते.

एक फरक मात्र मला इथे येईपर्यंत दिसला नव्हता. आपल्याकडचा माणूस साखर कारखान्यावरून परत येतो तो निदान स्वतःच्या घरी, कोरडवाहू का होईना, दोन एकरांच्या तुकड्यावर. या वाडीवर मी एका मावशींना विचारलं, घर कुणाच्या नावावर? त्यांनी खालच्या गावाकडे बोट केलं. झोपडी यांची, जमीन शेठची. रायगडात अशा वाड्या पुष्कळ आहेत. मुंबईजवळच्या जमिनीला भाव आला की मालक कुंपण घालू लागतो. कर्जत-सुधागडाकडच्या अशाच वाड्यांच्या लढ्यावर डॅनियल बकल्स आणि राजीव खेडकर यांचं २०१३ सालचं पुस्तक आहे. वाडीतल्या लोकांबरोबर केलेल्या संशोधनातून ते उभं राहिलं. आता ते पुन्हा वाचतेय.

याच तालुक्यातलं गागोदे विनोबांचं जन्मगाव. भूदान मागत देशभर पायी फिरलेल्या माणसाचा हा तालुका. २१ सप्टेंबर २००८ ला हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांच्या शेतकऱ्यांनी सेझला, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राला, जमीन द्यायची का यावर मतदान करून आपला कौल दिला, तोही इथेच. सातबारा असला की सरकारलाही विचारावं लागतं. मावशींच्या वाडीला विचारायला कोण येणार?

संमतीपत्राचंही घोडं अडलं. ज्यांना सही येत नाही त्यांनी अंगठा द्यायचा, असं त्यात आहे. मावशी म्हणाल्या, “बोलेन हवं तेवढं, अंगठा नाय देणार.” अंगठ्यांनी काय काय गेलंय ते त्यांना चांगलं ठाऊक आहे. तोंडी संमती चालावी म्हणून नीतिसमितीला अर्ज लिहितेय.

रोहा, दिवाळीनंतर

ती. सौ. आईस,

आता मुक्काम रोह्याला. कोकण रेल्वे इथून सुरू होते. कुंडलिकेच्या काठी गाव, पलीकडे धाटावचे रासायनिक कारखाने. वारा फिरला की वासावरून कळतं. चिंतामणराव देशमुखांचं बालपण या गावात गेलं. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून लोक त्यांना ओळखतात. पण ज्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांवर माझी पीएचडी चालते, त्याचेही ते अध्यक्ष होते. आणि त्यांच्या पत्नी दुर्गाबाई केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्ष. एकाच घरात विद्यापीठं आणि समाजकल्याण! आमच्याकडे या दोन गोष्टी अजून एकमेकींना नीट ओळखत नाहीत.

पेणच्या वाडीवर परवा पुन्हा जाऊन आले. निम्म्या दारांना काट्या लावलेल्या. म्हातारी माणसं आणि थोडी पोरं उरलीत. बाकीचे कल्याण-भिवंडीकडे, काही कोळशाच्या कामाला थेट कर्नाटकात. या दिवसांत घरोघर पाहणी करणाऱ्याला वाडीत माणसंच कमी दिसणार. भट्टीवर जाऊन विचारावं तर मालक शेजारी उभा. त्याच्यासमोर दिलेल्या उत्तराला काय अर्थ? म्हणून भट्टीवर फक्त भेटून यायचं आणि मुलाखती जूनमध्ये वाडीवर घ्यायच्या, असं ठरवलंय. एक वर्ष त्यात जाईल. जाऊ दे.

गाईडना फोन करून प्रश्न बदलल्याचं सांगितलं. ही माणसं का जातात, ते पुष्कळांनी लिहून ठेवलंय. घराखालची जमीन स्वतःच्या नावावर झाली तर भट्टीवाल्याशी बोलताना त्यांना काय वेगळं म्हणता येतं, ते मला शोधायचंय. ते म्हणाले, लिहून पाठव.

त्यासाठी तुझी मदत हवी. आपल्या गल्लीतली जी घरं यंदा ऊसतोडीला गेली नाहीत, त्यांना सवडीनं विचार : मुकादमाला नाही म्हणता आलं ते कशाच्या जोरावर? जमिनीच्या, पोराच्या नोकरीच्या, की बचतगटाच्या? ते सांगतील तसंच लिहून पाठव, तुझ्याकडून सुधारू नकोस.

दादांना नमस्कार.

तुझी,
ताई