प्रयुक्त

कोरमंगल्यात राहणाऱ्याला होसूर रोडवरचं निम्हान्स शेजारचंच. या शहरात मानसशास्त्राचे विद्यार्थी पुष्कळ, आणि त्यांची संमतीपत्रकं वेगवेगळ्या भाषांत करून देणारे माझ्यासारखे अनुवादकही. मराठी माझ्या वाट्याला येते.

अशाच एका कामात मी 'सब्जेक्ट' या शब्दापाशी थांबले. आपल्या मानसशास्त्राच्या पुस्तकांत त्याला 'प्रयुक्त' म्हणतात. ज्याच्यावर प्रयोग होतो तो. पण शब्दशः, वापरलेला. व्हुंटने १८७९ साली लाइपझिगला प्रयोगशाळा काढली तेव्हा प्रयोग करणारा आणि स्वतःचा अनुभव सांगणारा आपापसांत जागा बदलत. पाहणारा आणि पाहिला जाणारा यांच्यातली भिंत पुढे पक्की झाली. १९६१ साली येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्रॅमने साध्यासुध्या माणसांना दुसऱ्याला विजेचे झटके द्यायला लावलं. झटके खोटे होते, देणाऱ्यांना फुटलेला घाम खरा होता. थांबतो म्हणणाऱ्याला पुढे चालू ठेवायला सांगितलं जाई. माणसाच्या आज्ञाधारकपणाविषयी मोठं ज्ञान हाती आलं, ते त्याला फसवून.

अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या लेखनपुस्तिकेने १९९४ साली 'सहभागी' या अर्थाचा शब्द सुचवला. मीही तोच घेतला. पण नाव बदललं म्हणून नातं बदलत नाही. मूळ इंग्रजी वाक्य होतं, मी केव्हाही माघार घेऊ शकते. की शकतो? इंग्रजीतल्या 'मी'ला हे विचारावं लागत नाही. मराठीला समोर कोण बसलंय ते पाहावंच लागतं. शिवाय 'माघार' म्हटलं की हरल्याची चव येते. मी लिहिलं, 'तुम्ही केव्हाही थांबू शकता. कारण सांगावं लागणार नाही.'

"इतकं सोपं केलंत तर निम्मे उठून जातील," संशोधक मुलगी म्हणाली. तिची काळजी खरी होती. प्रबंधाला आकडे लागतात.

मला मनाचे श्लोक आठवले. रामदास मनाविषयी बोलत नाहीत, मनाशी बोलतात. शास्त्राला मनाविषयी बोलल्यावाचून गत्यंतर नाही. मात्र त्याआधी, ज्याचं ते मन आहे त्याच्याशी बोलायला हवं, आणि तो 'नको' म्हणाला तर ते ऐकायलाही हवं. उठून जाता येत नसेल, तर बसून राहण्याला संमती कसं म्हणायचं?

मी तिला एवढंच म्हटलं, "जे बसून राहतील, त्यांची उत्तरं तरी त्यांची असतील."

वाक्य तिने तसंच ठेवलं.