नेवाशाच्या वाटेवरील भेंड्या

नगरहून नेवाशाचे अंतर साठेक किलोमीटरचे. शहर मागे पडले की जेऊर, इमामपूरचा घाट, पांढरी पूल, घोडेगाव, वडाळा बहिरोबा आणि नेवासा फाटा अशी ठिकाणे एकामागून एक येत जातात. घरातील आजी-आजोबांना घेऊन आपण या वाटेने निघणार असाल, तर गाडीत वाजणारी गाणी बंद ठेवा आणि भेंड्यांना आरंभ करा. मात्र पहिला डाव गाण्यांचा नको, गावांच्या नावांचा असू द्या.

आपल्या जिल्ह्यातील गावे या खेळासाठी मोठी सोयीची आहेत. कर्जतच्या ‘त’वरून ताहाराबाद घ्यावे, ‘द’वरून देवगड, ‘ड’वरून डोंगरगण. येथे ‘ण’ आला. ‘ण’ने सुरू होणारे गाव कोठून आणणार? म्हणून ‘न’ घ्यायचा, आणि आपसूक नेवासा येते. पुढे संगमनेर, राळेगण सिद्धी, धांदरफळ. आता ‘ळ’ने वाट अडवली. त्याच्या जागी ‘ल’ घेतला की लोणी, आणि लोणीच्या ‘ण’चा पुन्हा ‘न’ केला की आपण परत नगरला! २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. तरी आजोबा नगर म्हणाले, तर डाव अडवून त्यांची दुरुस्ती करू नये. दोन्ही नावांना मान्यता असावी.

अक्षरांची ही अडचण केवळ आपलीच नाही. जपानमध्ये लहानथोर ‘शिरितोरी’ नावाचा खेळ खेळतात. शब्दशः अर्थ ‘शेपूट पकडणे’. रिंगो म्हणजे सफरचंद, ‘गो’वरून गोरिला, ‘रा’वरून राप्पा म्हणजे तुतारी, अशी ती साखळी चालते. गाण्यांच्या नावांचीही शिरितोरी करता येते. ‘फुरुसातो’ हे १९१४ सालचे शाळेतील गीत तेथील वृद्धांना तोंडपाठ असते. त्याच्या ‘तो’वरून ‘तोर्यान्से’ हे जुने बालगीत घेता येते. फरक एवढाच, की जपानी भाषेत ‘न्’ने शब्द सुरू होत नाही, म्हणून ज्याचा शब्द ‘न्’ने संपला तो हरला. आपण ‘ळ’ला ‘ल’ची वाट काढून देतो, ते खेळाडूलाच बाद करतात. मला आपली रीत अधिक माणुसकीची वाटते. गंमत अशी, की जपानी अक्षरमाला आ, इ, उ, ए, ओ आणि क, स, त, न अशा ओळखीच्या क्रमाने चालते. बौद्ध भिक्षूंबरोबर चीनमार्गे तेथे पोचलेल्या सिद्धम् लिपीच्या अभ्यासात या मांडणीचे मूळ आहे, असे भाषातज्ज्ञ मानतात. दोन्हीकडे लिपी अक्षरांची असल्यामुळे शेवटचे अक्षर पकडणे कानाला सहज जमते.

आता वैद्यकाचे थोडे. स्मृतीविषयी शंका असलेल्या रुग्णाला आम्ही दवाखान्यात एका मिनिटात जितकी आठवतील तितकी प्राण्यांची नावे सांगायला लावतो, किंवा एखाद्या अक्षरावरून सुरू होणारे शब्द विचारतो. नाव शोधणे, सांगून झालेले नाव लक्षात ठेवणे, नियमात न बसणारे गाळणे अशी अनेक कामे मेंदूला तेथे एकाच वेळी करावी लागतात. भेंड्यांतही हेच घडते. फक्त समोर डॉक्टर आणि घड्याळ नसते. परंतु भेंड्या खेळल्याने स्मृतिभ्रंश टळतो किंवा बरा होतो असे कोणी सांगितले, तर विश्वास ठेवू नका. लाभ वेगळा आहे, आणि लहान नाही: घरात हळूहळू अबोल होत गेलेल्या माणसाची पाळी येते, आणि ती येईपर्यंत चार जण त्याच्या तोंडाकडे पाहत थांबतात.

ज्यांना नावे आठवत नाहीत त्यांना खिडकीजवळ बसवा. रस्त्यावरच्या पाट्या त्यांना वाचता येतात. आठवायचे नाही, केवळ वाचून सांगायचे. तरी साखळीतील एक कडी त्यांची होते. ऐकू कमी येणाऱ्यांना मात्र खिडकी नको, तेथे वाऱ्याचा आवाज फार. त्यांना समोरच्या माणसाचे ओठ दिसतील असे बसवावे आणि एका वेळी एकानेच बोलावे. कानाच्या दोषाला विस्मरण समजण्याची गल्लत घरोघरी होते.

नेवासा आले. प्रवरेकाठच्या या गावात शके १२१२ म्हणजे १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. ज्या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी ती सांगितली असे मानतात, तो पैस येथील मंदिरात आहे. दुर्गा भागवतांच्या ‘पैस’ या पुस्तकाचे नाव याच खांबावरून आले. दुपारी फरशी तापते. मधुमेहामुळे तळव्यांची संवेदना कमी झालेल्यांना चटका कळत नाही आणि फोड घरी गेल्यावर दिसतात. त्यांना जाड सुती मोजे घालूनच आत न्या, नाहीतर सकाळीच या.

सुमारे नऊ हजार ओव्यांचा हा ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या कानांनी टिकवला. ओवी ही मुळात म्हणण्याची, जात्यावर बसून गाण्याची गोष्ट. माझ्याकडे येणाऱ्या एका आजींना सुनेचे नाव सांगता येत नाही, सकाळी काय खाल्ले ते सांगता येत नाही. पण हरिपाठ सुरू झाला की त्या एकही चरण चुकत नाहीत. सुनेला याचे प्रथम वाईट वाटले. “देवाचं सगळं आठवतं, माझंच कसं आठवत नाही?” असे तिने विचारले. यात आजींचा काही दोष नाही. कालची घटना साठवणारी यंत्रणा अल्झायमरच्या आजारात आधी ढासळते. शेकडो वेळा म्हटलेले, चालीत बसलेले शब्द मेंदूत निराळ्या रीतीने मुरलेले असतात आणि पुष्कळदा उशिरापर्यंत टिकतात. त्या सुनेने आता एक युक्ती केली आहे. अंघोळीला नेताना ती आजींना काही सांगत नाही, हरिपाठाचा पहिला चरण म्हणते. आजी दुसरा म्हणत उठतात.

म्हणून गाण्यांच्या भेंड्यांत सिनेगीतांचाच हट्ट धरू नये. आपल्या जिल्ह्याचा ठेवा मोठा आहे. संगमनेरचे शाहीर अनंत फंदी (१७४४–१८१९) यांचे फटके आजच्या सत्तरी-ऐंशीतल्या पिढीने शाळेत पाठ केले आहेत. चोंडीत जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांच्या शब्दावरून फंदींनी तमाशा सोडून कीर्तनाची वाट धरली, अशी आख्यायिका आहे. ताहाराबादच्या महिपतींचा ‘भक्तविजय’ १७६२ सालचा. पोथी ऐकत वाढलेल्यांना त्यातील ओव्या येतात. नगरमध्ये राहिलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजने येथील ख्रिस्ती घरांत आजही म्हटली जातात. शिर्डीच्या आरत्या तर आहेतच. साधारणपणे दहाव्या ते तिसाव्या वर्षांच्या दरम्यान ऐकलेले सर्वांत पक्के राहते. तेव्हा आजोबांचे जन्मसाल घ्या आणि हिशेब करा. नातवाच्या आवडीची गाणी त्यात बसणार नाहीत.

हल्ली ज्येष्ठ नागरिक संघांत भेंड्यांच्या जोडीला कराओके आले आहे. याचा जन्मही एका सहलीशी जोडलेला आहे. जपानच्या कोबे शहरात इनोऊए दाइसुके हे वादक मद्यगृहात गाणाऱ्या गिऱ्हाइकांना साथ करीत. एका गिऱ्हाइकाला सहलीत गायचे होते आणि इनोऊए यांना बरोबर जाता येईना. तेव्हा त्यांनी त्या गृहस्थाच्या गळ्याला झेपेल अशी साथ ध्वनिमुद्रित करून दिली, असे सांगतात. त्यातून १९७१ साली त्यांचे यंत्र तयार झाले. ‘कारा’ म्हणजे रिकामे आणि ‘ओके’ हे ऑर्केस्ट्राचे लघुरूप.

गळ्याला झेपेल अशी साथ, हे नेमके आपल्याकडे विसरले जाते. वयानुसार स्त्रियांचा आवाज खाली उतरतो, पुरुषांचा किंचित चढतो. साठ वर्षांपूर्वीच्या गायिकेच्या मूळ पट्टीत आजींना गायला लावले, तर त्या दुसऱ्या कडव्यापर्यंत थकतात आणि “माझा गळा गेला” म्हणून माईक खाली ठेवतात. बहुतेक यंत्रांवर पट्टी आणि लय बदलण्याची सोय असते. दोन-तीन सूर उतरवा, लय थोडी सैल करा. पडद्यावरील अक्षरे मोठी हवीत. ध्वनिवर्धक कानाजवळ नको. शेजारच्याशी बोलायला ओरडावे लागत असेल, तर आवाज अतीच आहे. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी, हर्नियाची किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी ताना मारण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

भेंड्या आणि कराओके यांतून निवड करताना एवढे पाहावे. भेंड्यांना आठवण लागते, पण घाई नसते. दहापर्यंत आकडे मोजण्याचा नियम गाळला की काम झाले. कराओकेला आठवण लागत नाही, शब्द समोर असतात. पण वेळ गाठावी लागते, यंत्र कोणासाठी थांबत नाही. कंपवाताच्या रुग्णाला ठेक्याची साथ बहुधा मानवते, आणि त्याचा दबलेला आवाज गाताना मोकळा होताना दिसतो. मोतीबिंदू असलेल्याला किंवा विचार मंदावलेल्याला पडद्यामागे धावणे छळ वाटते. स्मृतिभ्रंश पुढे गेला असेल, तर दोन्ही सोडा आणि सर्वांनी मिळून आरती म्हणा. तेथे पाळी नाही आणि भेंडीही चढत नाही.

एक गोष्ट गाडीतच लक्षात ठेवण्याची. खेळता खेळता एखाद्याचे शब्द अचानक अडखळले, तोंड वाकडे झाले किंवा एक हात उचलेना, तर ते विस्मरण नव्हे. तो पक्षाघात असू शकतो. वेळ पाहून ठेवा, १०८ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठा. गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, म्हणून “घरी जाऊन पाहू” म्हणू नका.

ज्यांची वाचा पक्षाघाताने गेली आहे, त्यांना घेऊन दुसऱ्या एखाद्या दिवशी नगरच्या दक्षिणेला, दौंड रस्त्यावरील अरणगावजवळच्या मेहेराबादला जावे. १० जुलै १९२५ रोजी मेहेरबाबांनी येथे मौन धरले आणि ते अखेरपर्यंत सोडले नाही. १९२७ ते १९५४ या काळात ते अक्षरांच्या फळीवर बोट फिरवून बोलत. हे पाहून पुष्कळ कुटुंबे घरच्या रुग्णासाठी तशीच फळी बनवतात आणि निराश होतात. मेहेरबाबांनी शब्द स्वेच्छेने दूर ठेवले होते; वाचाघाताच्या रुग्णाचे शब्दच हरवलेले असतात, त्यामुळे अक्षरेही जुळत नाहीत. त्यांच्यासाठी चित्रांची पाटी अधिक उपयोगी पडते: पाणी, शौचालय, दुखते आहे, थंडी वाजते, टीव्ही बंद करा.

आणि गाणे. बोलता न येणारे कित्येक जण ओळखीच्या गाण्याचे शब्द गाऊ शकतात. १९७३ साली बॉस्टनमधील संशोधकांनी याच आधारे सुरातून बोलण्याकडे नेणारी उपचारपद्धती मांडली. सगळ्यांना तिचा लाभ होत नाही, आणि ती वाचातज्ज्ञाच्या देखरेखीखालीच व्हावी. पण भेंड्यांत अशा माणसाची पाळी गाळू नका. आपण पहिली ओळ सुरू करा, त्यांच्या चांगल्या हाताने मांडीवर ठेका धरू द्या, आणि शेवटच्या शब्दाआधी थांबा. तो शब्द आला तर ठीक. न आला तर ठेका हीच त्यांची पाळी धरून पुढच्या अक्षराकडे जा.