पाऊस की अंधार?

हॉस्टेलवर कॅमेऱ्याचा विषय निघाला की लगेच दोन पक्ष पडतात, आणि दोन्ही पक्षांत स्वतःचा कॅमेरा नसलेलेच जास्त असतात. एक पक्ष मिररलेसवाल्यांचा. त्यांच्या तोंडी सेन्सर, बोके, प्राइम लेन्स असले शब्द सबमिशनच्या आदल्या रात्रीसुद्धा असतात. दुसरा पक्ष ट्रेकवाल्यांचा. त्यांचं म्हणणं, कॅमेरा असा पाहिजे की धबधब्याखाली धरला, दगडावर पडला, डबक्यात बुडाला तरी गप चालला पाहिजे. असल्या कॅमेऱ्यांना बाजारात 'रगेड कॉम्पॅक्ट' म्हणतात.

उन्हाळ्यात दोन महिने इंटर्नशिप केली, स्टायपेंड हातात आला, आणि आयुष्यात पहिल्यांदा या वादात माझ्या मताला किंमत आली. पैसे एकाच कॅमेऱ्यापुरते होते. नेमके किती ते लिहीत नाही, कारण आपला अंक छापून येईपर्यंत भाव बदललेले असतात.

फोन आहे की, त्यावर काढ फोटो, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणत होतो. पण गेल्या तीन पावसाळ्यांतले आमच्या ट्रेकचे फोटो एकदा सलग बघितले. पायथ्याच्या टपरीवर वडापाव खातानाचे सत्तर. मग एकदम संध्याकाळी एसटीत ओलेचिंब बसलेले. मधला अख्खा गड गायब! कारण पाऊस सुरू झाला की सगळ्यांचे फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी सॅकमध्ये, सॅक रेनकोटखाली. आता बऱ्याच फोनवर आयपी ६८ लिहिलेलं असतं हे खरं. पण ती परीक्षा स्थिर, गोड्या पाण्यात घेतलेली असते, आणि पाणी जाऊन फोन बिघडला तर वॉरंटी सहसा हात वर करते. वर ओल्या बोटाला टचस्क्रीन दाद देत नाही. थेंब पडले की फोन आपला आपणच कुणालातरी कॉल लावतो. शिवाय मेसचं बिल, बसचं तिकीट, घरचा फोन, सगळं त्या एकाच डबीत. ती घेऊन चिखलात उतरायची हिंमत माझ्यात नाही.

तर मूळ प्रश्नाकडे. मिररलेस म्हणजे आरसा नसलेला कॅमेरा. एसएलआरमध्ये लेन्समधून आलेला उजेड आरशावरून आपल्या डोळ्यापर्यंत जायचा आणि फोटो काढताना तो आरसा खट्कन वर उचलला जायचा. २००८ मध्ये पॅनासॉनिकने जी१ हा कॅमेरा काढला, त्यात आरसाच काढून टाकला आणि सेन्सरवर दिसतं तेच व्ह्यूफाइंडरमध्ये दाखवलं. कॅमेरा लहान झाला, लेन्स बदलायची सोय राहिली. रगेडमध्ये लेन्स बदलता येत नाही, आणि झूम केला तरी ती बाहेर येत नाही. अशा बऱ्याच कॅमेऱ्यांत उजेड आत आला की प्रिझमने काटकोनात वळवतात आणि पुढची सगळी हालचाल पेटीच्या आतच होते. बाहेर सरकणारा भागच नाही, म्हणून पाणी शिरायला फक्त बॅटरी-कार्डचं झाकण उरतं. तिथे रबरी सील. मेकॅनिकलवाल्यांना ही रचना आवडेल. मला तरी कॅमेऱ्यापेक्षा तीच जास्त आवडली.

मी ज्यावर नजर ठेवून होतो तो टीजी-७. पूर्वी ही मालिका ऑलिम्पसची होती. त्यांनी २०२१ च्या सुरुवातीला कॅमेऱ्याचा धंदा वेगळा केला आणि २०२३ मध्ये हा कॅमेरा ओएम सिस्टम या नावाने आला. १५ मीटर पाण्याखाली चालतो, २.१ मीटरवरून पडला तरी चालतो, १०० किलोचा भार आणि उणे १० अंश थंडी सोसतो, असं कंपनी सांगते. उणे दहा आपल्याकडे कशाला लागतंय! पण १५ मीटर म्हणजे वातावरणाच्या दाबावर आणखी दीडपट दाब. तेवढा सोसणाऱ्या डबीला आपला पाऊस काय करणार?

आता दुसरी बाजू, आणि इथे आकडेमोड आली. (सिव्हिलवाल्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल, असं रूममेटने सुचवलं आहे. तो स्वतः सिव्हिलचा आहे.) रगेडचा सेन्सर १/२.३ इंच. हे इंच खरे नव्हेत, जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांच्या काचेच्या नळ्यांपासून आलेली ती भाषा आहे. खरा आकार साधारण ६.१७ बाय ४.५५ मिलिमीटर, म्हणजे २८ चौरस मिलिमीटर. करंगळीच्या नखापेक्षाही लहान. मिररलेसमधला नेहमीचा एपीएस-सी सेन्सर २३.५ बाय १५.६, म्हणजे ३६६ च्या वर. तेरा पट! इथपर्यंत आलं की मिररलेस पक्ष टाळ्या वाजवून उठतो.

पण थांबा. उजेड किती गोळा होतो ते एकट्या सेन्सरवर ठरत नाही, लेन्सचं छिद्र किती उघडतं त्यावरही ठरतं. टीजी-७ ची लेन्स झूम न करता एफ २ ला उघडते. मिररलेसबरोबर जी किट लेन्स मिळते ती बहुधा एफ ३.५ ला. साडेतीनला दोनने भागून वर्ग केला की तीन येतात. म्हणजे तेरा पटींतले तीन पट लेन्सने खाल्ले, हातात उरले सव्वाचार पट. फोटोग्राफीच्या भाषेत दोन स्टॉप. फरक आहे, पण ज्याचा एवढा गाजावाजा तो हा नव्हे. मात्र त्याच बॉडीला एफ १.८ ची प्राइम लेन्स लावली की हिशेब सोळा पटींवर जातो, म्हणजे चार स्टॉप. थोडक्यात काय, मिररलेस घेणं म्हणजे खरं तर लेन्स घेणं. बॉडी घेऊन किट लेन्सवर थांबणारा माणूस तिकीट काढून स्टेशनवरच बसलेला असतो. आणि माझ्या पैशांत बॉडी अधिक प्राइम फक्त सेकंडहँड बसत होतं.

सेकंडहँडचंही दोघांचं वेगळं. जुना मिररलेस तपासता येतो: शटर किती वेळा उडालंय ते बघायचं, लेन्समधून टॉर्च मारून आत बुरशीची जाळी आहे का बघायची. जुन्या रगेडचं काय बघणार? रबराचं सील वय झालं की आतून कडक होतं, ते बदलत राहावं असं कंपन्याच सांगतात. आधीच्या मालकाने बदललं होतं का, हे बादलीत बुडवल्याशिवाय कळत नाही. आणि बुडवल्यावर कळून काय उपयोग?

बुरशीवरून आठवलं. आपल्या हॉस्टेलवर जुलैत कमरेच्या पट्ट्याला हिरवी लव येते, बूट पांढरे पडतात, चादर आठवडाभर वाळत नाही. तीच बुरशी लेन्सच्या काचेवर चढते आणि एकदा आत बसली की काचेवरचा लेप खाते. म्हणून मिररलेस घेणाऱ्याने पावसाळ्यात तो हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवावा. केमिस्ट्री लॅबमधलं निळं जेल गुलाबी झालं की तापवून पुन्हा निळं करतात, तोच प्रकार. घरून आलेला चिवड्याचा मोठा डबा त्याला उत्तम. आधी चिवडा संपवणं आलं, पण त्याची आपल्या विंगमध्ये काळजी नसते.

मग कुणीतरी मधला मार्ग काढलाच: वेदर सील असलेला मिररलेस घे. ओएम-५ ला आयपी ५३ आहे. मी त्या तीनचा अर्थ शोधला. वरून आणि उभ्या रेषेपासून ६० अंशांपर्यंत तिरपे येणारे फवारे सोसेल, असा तो आकडा. आता जुलैत नाणेघाटात उभं राहा. तिथे पाणी दरीतून वर येतं! उलटा धबधबा ६० अंशांत कसा बसवायचा, हे इन्स्ट्रुमेंटेशनच्या सरांनाच विचारावं लागेल. शिवाय नुसती बॉडी सील असून भागत नाही, लेन्सही तशीच लागते. म्हणजे बजेट पुन्हा घाटाखाली.

एवढं सगळं झालं तरी निर्णय होईना. कारण मला फोटो ट्रेकचे काढायचे नव्हतेच.

आमचं घर भोरच्या पलीकडे, भाताचा मुलूख. जुलैत लावणी. चिखलणी आता टिलरने होते, पण रोपं अजून हातानेच लावतात, सावडीने. आज आमच्याकडे, उद्या शेजाऱ्याकडे. आई सकाळी सातला खाचरात उतरते ती दिवसभर वाकलेलीच. डोक्यावरून पूर्वी इरलं असायचं, आता प्लॅस्टिकचा कागद. आमच्या घरी तिचे फोटो आहेत ते सगळे लग्नातले, नाहीतर माझ्या दहावीच्या सत्काराचे. ज्या कामाने मी इथे शिकायला आलो त्या कामातला एकही नाही. आणि मे महिन्यात वडील फोनवर म्हणाले, "तिचे गुडघे आता ऐकत नाहीत. पुढच्या सालापासून वावर वाट्याने देणार." म्हणजे ही लावणी आईची शेवटची.

हे एकच असतं तर प्रश्न सुटलाच होता. पण स्वयंपाकघरात आजी आहे. ऐंशी पार केलेली. गॅस येऊन बरीच वर्षं झाली तरी भाकरी ती चुलीवरच करते. तिथे खिडकी नाही, एक पिवळा बल्ब आणि जाळाचा उजेड. भाकरी उलटताना तिच्या तोंडावर जो उजेड येतो तो फोटोत यावा असं मला फार वाटतं. तिथे एफ २ वरसुद्धा आयएसओ ३२०० च्या आसपास जावं लागेल, आणि एवढ्याशा सेन्सरवर त्याची रांगोळी होते. ट्यूब लाव म्हणाल तर तो उजेडच गेला. ट्रायपॉड म्हणाल तर आजी हलणारच, भाकरी काय स्थिर राहून थापतात?

म्हणजे एक फोटो पाण्यात, दुसरा अंधारात. पाण्यात जाणाऱ्याला अंधारात दिसत नाही, अंधारात बघणाऱ्याला पाणी चालत नाही. दोघी घरातल्याच, दोघींनाही वेळ थोडा. आठ दिवस मी जेवतानासुद्धा सेन्सरचे आकडे मनात घोळवत होतो. रूममेटने मेसमध्ये जाहीर केलं की मला झोपेत चौरस मिलिमीटर ऐकू येतात.

सुटलं ते अगदी हॉस्टेलच्या पद्धतीने. आपल्या फोटोग्राफी क्लबकडे मिररलेस आहे, एफ १.८ ची लेन्सही आहे. अर्ज, सरांची सही, आयकार्ड जमा, की चार दिवस मिळतो. मी क्लबच्या मुलाला विचारलं, "दिवाळीत घरी न्यायला मिळेल का?" म्हणाला, मिळेल. "आणि जुलैत? भाताच्या खाचरात?" तो नुसता हसला. अंधारासाठी कॅमेरा उसना मिळतो, चिखलासाठी कोणी देत नाही. दुसऱ्या दिवशी मी नवा टीजी-७ घेतला.

लावणीसाठी चार दिवस दांडी मारली. (डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव शोधू नका, आहे.) कॅमेऱ्याचे दोषही सांगतो. लेन्सवर थेंब बसतात, दर दुसऱ्या फोटोत कुणाच्यातरी तोंडावर एक गोल धुरकट डाग येतो. सारखं पुसावं लागतं, आणि पुसायला कोरडं असं अंगावर काहीच नसतं. घरातल्या दमट हवेत बॅटरीचं झाकण उघडून बंद केलं आणि मग गार पाण्यात धरला, तर काचेला आतून वाफ धरते. म्हणून बॅटरी कोरड्या जागी आधीच बदलून ठेवायची. आणि झूम केलं की एफ ४.९ होतं, ढगाळ उजेडात ते जाणवतं. लांबून झूम करण्यापेक्षा जवळ गेलेलं बरं. जवळ जायचं म्हणजे खाचरात उतरायचं, आणि उतरल्यावर बांधावरून फोटो काढणारा पाहुणा राहता येत नाही. माझ्या हातात रोपांची मूठ आलीच.

आईला पहिल्या दिवशी ते काही पटलं नाही. "माझा कसला फोटू काढतोस चिखलात? लग्नात काढ की, लुगडं चांगलं असतं तवा." पण मग ती विसरून गेली. कॅमेरा अगदी पाण्यालगत धरला तर चिखलाचं पाणी अर्ध्या काचेवर येतं, वर तिचे हात, खाली रोपाची मुळं मातीत शिरताना. असे दोनतीन फोटो आले आहेत. एरवी हे मुळांचं दृश्य मी इतक्या वर्षांत कधी पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तिने हात पुढे केला, "आण इकडं." कोपरापर्यंत चिखल होता. मी दिला. तिने बटण कुठलं ते विचारलं आणि माझे सहा फोटो काढले. पाचांत तिचा अंगठा आहे. सहाव्यात मी वाकलोय आणि माझ्यामागे माझी रोपांची ओळ, सापासारखी. तो फोटो तिने संध्याकाळी सावडीतल्या सगळ्या बायकांना दाखवला. इंजिनियरला सरळ रेघ येत नाही, यावर बराच वेळ हसू चाललं होतं. मी कॅमेरा हापशाखाली धुतला आणि दोरीला अडकवून वाळत घातला.

दिवाळीचा अर्ज क्लबच्या सरांच्या टेबलावर आहे. सही व्हायची आहे. सर हा अंक वाचत असतील तर कृपया बघावं.