लुगड्याची झबली

पारनेरकडे घरात बाळ येणार म्हटले की जुनी लुगडी बाहेर निघतात. अनेक धुण्यांनी मऊ झालेल्या त्या सुताची दुपटी, गोधडी होते. डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशीही. आजीच्या हातची ती उशी नाकारणे आम्हांला जड गेले. पण १९९४ साली अमेरिकेत बाळांना उताणे निजवण्याची मोहीम सुरू झाली, आणि झोपेतले अकल्पित मृत्यू पुढे सुमारे निम्म्याने घटले. बालरोगतज्ज्ञ सांगतात, गादी सपाट व घट्ट हवी, चादर ताणून बसवलेली. पहिले वर्षभर उशी नको, सैल पांघरूण नको. तोंड रुतले तर तान्ह्याला स्वतःला सोडवता येत नाही. म्हणून आम्ही पाळणा मोकळा ठेवला आणि लुगड्याची झबली शिवली. पौषातल्या थंडीत एकावर एक दोन घातली की पुरते. आजीची माया बाळाच्या अंगात राहिली, तोंडावर आली नाही.