मागच्या चाकाचे संस्कार

रॉयल एन्फिल्डने थंडरबर्ड 350 ही गाडी 2020 मध्ये बंद केली. आमची त्याआधीची, आणि तिचे इंजिन अजून ठणठणीत आहे. थकले ते मागचे शॉकअप. होते तसेच नवे बसवून मोकळे होता आले असते. पण मध्यंतरी पत्नीच्या कमरेच्या मणक्यांमधली चकती सरकली. सहा महिन्यांनी डॉक्टरांनी मागे बसायला परवानगी दिली ती दणके टाळण्याच्या अटीवर. कोल्हापूरहून आंबा घाट उतरून रत्नागिरी, हा आमचा दर डिसेंबरचा नेम. यापुढे तो दोघांचा राहणार की नाही, हे आता त्या दोन नळकांड्यांवर ठरणार होते.

शॉक ॲब्सॉर्बर हे नाव भाषेच्या अध्यापकाला खटकावे असे आहे. बाहेरून दिसणारी स्प्रिंग धक्का शोषत नाही. क्षणभर साठवते आणि परत करते. शोषण्याचे काम आतल्या तेलाचे. दट्ट्याच्या बारीक छिद्रांतून ते ढकलले जाते, तापते, आणि धक्क्याची ऊर्जा उष्णता होऊन हवेत जाते. वैशेषिकांनी संस्काराचे तीन प्रकार मानले आहेत: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. वाकवलेली फांदी सोडताच मूळ जागी येते तो स्थितिस्थापक. ज्यातून स्मरण होते ती भावना. स्प्रिंग आणि स्मृती एकाच कुळातल्या! तेल गळालेल्या शॉकअपात नुसता स्थितिस्थापक उरतो. खड्डा मागे पडला तरी गाडी डुलत राहते. आमची डुलत होती.

मिस्त्रींचा उपाय सोपा होता. “सर, पाचव्या खाचेवर टाकतो, कडक होईल.” हा समज सार्वत्रिक आहे आणि चुकीचा आहे. खाच बदलल्याने स्प्रिंग आधीच थोडी दाबली जाते, गाडीची बैठक उंचावते. स्प्रिंगचा मूळ ताठपणा तोच राहतो. मग आम्ही मोजमाप केले. गाडी मधल्या स्टँडवर चढवून, चाक अधांतरी असताना आसापासून मडगार्डवरच्या खुणेपर्यंतचे अंतर घेतले. नंतर आम्ही दोघे सामानासह बसलो आणि मिस्त्रींनी पुन्हा टेप लावला. पाचव्या खाचेवरही फरक 44 मिलिमीटर. मागच्या चाकाची एकूण चाल 80 मिलिमीटर. त्यातली साधारण एक तृतीयांश भाराखाली खर्च व्हावी, असा संकेत आहे. आमची अर्ध्याहून अधिक बसताक्षणी संपत होती. उरलेली खड्ड्यांच्या वाट्याला, आणि ती संपली की दणका थेट मणक्याला.

बाजारात सोनेरी डब्या लावलेल्या जोड्या पुष्कळ. नायट्रोजन भरलेली खरी डबी उपयोगी असते: दाबामुळे तेलाला फेस येत नाही, आणि उष्णता पसरायला जागा मिळते. पण काहींतली डबी निव्वळ शोभेची, आतून पोकळ! शिवाय ‘गॅसवाले’ हे काही नवे वैशिष्ट्य नव्हे, गाडीचे मूळ शॉकअपही गॅसचेच होते. लांबीचा मोहही टाळला. मागची बाजू उंचावली की पुढचा काटा अधिक उभा होतो, गाडी वळायला चपळ होते आणि सरळ रस्त्यावर तिचा ठामपणा कमी होतो. घाटात मागे दुखरी पाठ असताना मला चपळाई नको होती.

अखेर मूळ लांबीचीच, पण आमच्या दोघांच्या वजनाला साजेशा ताठ स्प्रिंगची जोडी मागवली, आणि परतीची गती आवरता येणारी. ही दुसरी अट मी पहिलीहून महत्त्वाची मानतो. ताठ स्प्रिंग तितक्याच जोराने उसळते. तेलाने तिला आवरले नाही, तर मागे बसणारा सीटवरून उडतो आणि आपटतो. दणका दोनदा बसतो.

बसवल्यावर फरक 28 मिलिमीटर आला. पहिली फेरी पन्हाळ्यापर्यंतच केली. परतीचा वेग मी दोनदा बदलला, ती प्रत्येक वेळी त्याच गतिरोधकावरून मागे बसून आली. “आधीचं बरं होतं, एक खाच मागे घे,” ती म्हणाली. घेतली.